सासरचं दगडी घर, मागे नवीन खोल्या आणि एक गळकी फट: वाईजवळच्या कामाचा रिव्ह्यू (मोठा आहे, चहा घेऊन बसा)

घाई असेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते, पाचपैकी चार. जुन्या दगडी भागाला पाचपैकी पाच, मनात सहा आहेत. मागच्या नव्या बांधकामाला जेमतेम तीन. आणि ही दोन्ही जिथं एकमेकांना टेकतात त्या फटीला किती द्यायचे ते खाली वाचून तुम्हीच ठरवा.

नाव लिहीत नाहीये, कारण तक्रारीपण आहेत आणि वाई एवढंसं गाव, उद्या भाजी आणायला गेले की मिस्त्री समोर येणार आणि मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचा असणार. टीम अशी होती: पुण्याच्या एक कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट मॅडम, त्यांचा एक ज्युनिअर, वाईकडचे एक साठीचे मिस्त्री आणि त्यांचे सात-आठ जण, सुतार बाप-लेक, आणि नव्या भागाच्या आरसीसीसाठी मॅडमनीच सुचवलेला वेगळा कॉन्ट्रॅक्टर. हा "वेगळा" शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घर धोमच्या बाजूला, कृष्णेपासून चालत पाच मिनिटं. काळ्या दगडाचं. पुढं ओटी, मग सोपा, माजघर, देवघर, एक बाळंतिणीची अंधारी खोली, मागं स्वयंपाकघर आणि परस, वर माडी. भिंती अडीच फूट, काही ठिकाणी तीन. तुळया सागवानी, वर मंगलोरी कौलं. सगळे म्हणतात पेशवाईतलं घर आहे, पण वाई तालुक्यात कुणाचं घर पेशवाईतलं नाही ते सांगा! नवऱ्याच्या चुलतभावानं तर जुनेपणाचा पुरावाच काढला, एका कौलावर बासेल मिशन आणि १८६५ छापलेलं सापडलं त्याला, दोन दिवस फॅमिली ग्रुपवर तोच फोटो फिरत होता. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या ते कारखान्याचं साल आहे, मंगळूरला बासेल मिशनवाल्यांनी कौलांचा कारखाना काढला त्याचं, तुमच्या छपराचं नाही, कौलं नंतर कधीतरी बसली असणार. ग्रुप एकदम शांत.

राहणारे आम्ही पाच. सासूबाई (आई म्हणते मी, खालीही तेच लिहीन), आम्ही दोघं आणि दोन मुलं. नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं आणि आईंना पुण्याच्या फ्लॅटमध्ये श्वास कोंडतो, म्हणून ठरलं की आपणच तिकडं जाऊ. पण घर जसं होतं तसं राहण्यासारखं नव्हतं. संडास परसाच्या टोकाला, स्वयंपाकघरात दिवसा लाईट लावावा लागायचा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल. माजघराच्या भिंती कमरेपर्यंत लोण्यानं, म्हणजे ओलीबरोबर येणाऱ्या क्षारांनी, खाल्लेल्या. झाडू मारला की रोज सुपलीभर पांढरी पूड निघायची, आणि तो वास, तो कुबट वास कपड्यांना लागून पुण्यापर्यंत यायचा.

आधी दोन कॉन्ट्रॅक्टर बोलावले होते. पहिला गाडीतून उतरला, घराकडं बघितलं आणि म्हणाला, पाडायचं कधी? दुसरा जरा बरा, त्यानं आत येऊन बघितलं आणि म्हणाला वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारू, वर परत सिमेंट प्लास्टर, वर टाईल लावून टाकू चार फुटांपर्यंत, ओल दिसणारच नाही. दिसणार नाही हे मात्र खरं बोलला तो.

मग या मॅडम. त्या घर बघायला आल्या तेव्हा बरोबर मिस्त्रींना घेऊनच आल्या. मिस्त्रींनी कुणाशी न बोलता हातोडी काढली आणि भिंत वाजवत वाजवत निघाले, सोप्यातून माजघरात, माजघरातून मागं. टण् टण् टण् आणि मधेच भद्द. जिथं भद्द तिथं खडूनं गोल. मागच्या भिंतीला इतके गोल झाले की मुलगा म्हणाला हे तर गोट्या खेळायला काढलेत. मिस्त्री म्हणाले, "वैनी, हितं भिंत दोन झाल्यात. भायेरची येगळी, आतली येगळी. मधी नुसती माती हाय." तेव्हा मला काही कळलं नाही. आईंना कळलं. त्या म्हणाल्या, "कोयनेच्या भूकंपापासनं ती भिंत तशीच आहे."

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आईंचं लग्न होऊन सहाच महिने झाले होते. स्वयंपाकघरातली उतरंड कोसळली आणि सगळे अंथरुणासकट बाहेर अंगणात. घर उभं राहिलं पण मागची भिंत पोट आल्यासारखी फुगली आणि मग पन्नास वर्षं तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही, पुढं कपाट लावून टाकलं फक्त.

नंतर किल्लारी झालं. १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर दगडी घरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात गोळा होता. सासऱ्यांनी पुढच्याच वर्षी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून घराला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, घर "मजबूत" व्हावं म्हणून, वर आतून ऑईलपेंट. तेव्हा गावात बऱ्याच जणांनी हेच केलं. आणि मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या ओलीचं निम्मं कारण हा गिलावाच होता.

हे मला पटायला वेळ लागला म्हणून जरा सविस्तर लिहिते. काळा दगड फारसं पाणी पीत नाही, पण आमच्या भिंतींच्या पोटात माती आणि चुना आहे आणि ते जमिनीतलं पाणी वर ओढतात. पूर्वी ते पाणी दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाळून जायचं. सिमेंटनं दोन्ही बाजूंनी तोंड बंद केल्यावर ते जाणार कुठं, वर चढत जातं, बरोबर क्षार घेऊन जातं, आणि मग जिथं मिळेल तिथं गिलावा ढकलून बाहेर पडतं. तोच लोणा. उरलेलं निम्मं कारण तर हसावं का रडावं असं होतं. घरासमोरची गल्ली. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर, त्यावर काँक्रीट, त्यावर परत. ज्युनिअरनं भिंतीलगत खड्डा खणून दाखवलं की आमचं जोतं, चांगलं दीड फूट उंच घडीव दगडाचं जोतं, अख्खं रस्त्याखाली गाडलं गेलंय. म्हणजे पावसाचं पाणी जोत्याला लागत नव्हतं, थेट भिंतीला लागत होतं, आणि आम्ही आतून केमिकल मारायचा विचार करत होतो.

तर पहिलं काम म्हणजे काहीही नवीन न करणं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळं सिमेंट उतरवायला घेतलं. मशीन लावू दिलं नाही, छिन्नी-हातोडीनं, हळू, कारण मशीननं दगडाच्या कडा फुटतात. दोन महिने. ऑईलपेंटसकट पत्र्यासारखे पापुद्रे पडायचे आणि मागं काळा, ओला, घामेजलेला दगड. त्या दिवसांत घरात जो वास होता तो मी शब्दांत सांगू शकत नाही, बंद पडलेल्या आडात उतरल्यासारखा. बाहेर भिंतीलगत चर खणून जोतं मोकळं केलं, चरात खडी भरली, पाणी बाहेर जायला उतार दिला.

आणि मग मॅडम म्हणाल्या, आता थांबू. एक अख्खा पावसाळा.

यावरून आमच्याकडं जे झालं ते झालं. नवरा म्हणाला फी कशाची घेतात या, थांबायची? शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन उघड्या भिंती बघायचे आणि "पैसे संपले का रे?" विचारून जायचे. पण भिंत वाळल्याशिवाय चुना लावला तर तोही पडेल, आणि भर पावसात चुना वाळतच नाही, म्हणून जून ते सप्टेंबर फक्त छपराचं काम होईल, बाकी बंद, यावर त्या ठाम. दर पंधरा दिवसांनी ज्युनिअर यायचा, ओलावा मोजायचं छोटं यंत्र त्याच जागी लावायचा, वहीत आकडा. ऑक्टोबरात माजघराची भिंत हाताला कोरडी लागली. मी स्वतः हात लावून बघितला, मग नवऱ्याला बोलावलं, त्यानं पण लावला. काही न बोलता गेला तो. एक गोष्ट मात्र तेव्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही, मॅडमच्यापण नाही, की २०२३ चा पाऊस आमच्याकडं कमीच झाला होता. परीक्षा झाली पण पेपर सोपा होता. असो, येते त्यावर.

चुन्याचं काम हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. कळीचा चुना आणून परसात खड्ड्यात विरवला. पाणी ओतल्यावर तो अक्षरशः उकळतो, वाफा येतात, मुलांना दहा फुटांवर दोरी बांधून उभं केलं होतं आणि माणसांना गॉगल सक्तीचे. मग महिनाभर पाण्याखाली, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. (लोणी, लोणा नव्हे, आमच्याकडं या दोन शब्दांवरून भरपूर विनोद झाले.) त्यात वाळू, विटांची सुरखी, गुळाचं पाणी आणि हिरडा भिजवलेलं पाणी. पूर्वी बैलाच्या घाणीत मळायचे, आता मोटरवर फिरणारी घाणी भाड्यानं आणली, दिवसभर घरघर. गुळाची जबाबदारी आईंनी आपणहून घेतली. रोज सकाळी काठी टेकत परसात जाऊन मिस्त्रींना विचारायच्या, "पाक नीट झालाय ना?" आणि मिस्त्री तितक्याच गंभीरपणे, "व्हय काकू, येक तारी."

गूळ असल्यामुळं पहिला आठवडा भिंतीवर मुंग्यांच्या रांगा. कुणी सांगितलं नव्हतं आधी. जातात आपोआप, घाबरू नका.

आतून पातळ पातळ थरात चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी, बाहेरून फक्त दरजा भरल्या, दगड उघडा ठेवला. तीन आठवडे ओली गोणपाटं लटकवलेली, घर धोबीघाटासारखं. सिमेंटसारखं दोन दिवसांत टणक होत नाही हे, हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत घेत महिनोन् महिने घट्ट होत जातं, त्यामुळं पहिले काही दिवस नखानं ओरखडा पडतो आणि आपल्याला वाटतं फसलो. धाकटीनं जिन्याखाली खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलंय, आता ते कायमचं.

फुगलेली भिंत पूर्ण उतरवली. प्रत्येक दगडावर मिस्त्रींच्या पुतण्यानं तांबड्या रंगानं अक्षर आणि आकडा टाकला, परसात ओळीनं मांडले, आणि तेव्हा मला ते "भिंत दोन झाल्यात" समजलं. जुनी भिंत म्हणजे बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मधे दगडांचा चुरा आणि माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड हवेत. आमच्या पुढच्या भिंतीत ते आहेत, मागच्या भिंतीत बांधणाऱ्यानं कंजूषी केली होती. भूकंपात धक्का बसला की असे पदर सुटे होतात, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडतो. किल्लारीला इतकी माणसं गेली त्यात हे एक मोठं कारण होतं म्हणे. म्हणजे सासऱ्यांची भीती शंभर टक्के बरोबर होती, फक्त त्यांनी भिंतीला शर्ट घातला, हाड बसवलं नाही. आता तीच भिंत त्याच दगडांनी परत उभी केली, ठरावीक अंतरावर आरपार दगड घालून. बाकीच्या भिंतींत जिथं जिथं भद्द वाजलं होतं तिथं भोकं पाडून स्टीलच्या सळ्या घातल्या, पातळ चुना सोडून पोकळी भरली. शेवटच्या दिवशी मिस्त्रींनी मुलाच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले वाजव. सगळीकडं टण्.

"ग १४" आणि "ग १५" हे दोन दगड मागच्या बोळात अजून तांबड्या आकड्यांसकट आहेत. पुसू दिले नाहीत मी.

लाकडाबद्दल थोडक्यात. दोन तुळयांची भिंतीतली टोकं वाळवीनं पोखरलेली, बाकी सहा फूट एकदम खणखणीत. सुतारांनी फक्त कुजलेला भाग कापून तिथं जुनं सागवान जोडलं, पुण्यात वाडे पाडतात त्यांचं लाकूड विकणारे आहेत त्यांच्याकडून आणलेलं. सांधा इतका सुरेख की बघायला येणाऱ्यांना शोधायला लावतो आम्ही. भिंतीत शिरणाऱ्या टोकाभोवती हवेला जागा ठेवली, नाहीतर परत कुजणार. पॉलिश न करता तेल लावलं. वास महिनाभर.

रोजच्या राहण्यातल्या गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही: दगडी भिंतीत वायरिंगसाठी खाचा मारायच्या नाहीत, त्यामुळं सगळ्या वायरी वरून, लाकडी पट्ट्यांतून. मला आवडतं, जावेला "अर्धवट" वाटतं. वायफाय अडीच फूट दगडातून जात नाही, विषय संपला. आम्ही दोनदा महागडा राऊटर घेऊन मूर्ख बनलो, शेवटी प्रत्येक खोलीत केबल नेली. तुम्ही वायरिंगच्या वेळीच न्या. दारं पाच फुटांची आहेत ती तशीच ठेवली, नवऱ्याचं कपाळ पहिल्या महिन्यात चार वेळा आपटलं, आता झुकतो. उंबरे मात्र आईंच्या वॉकरसाठी दोन ठिकाणी काढले आणि त्यावर वाद झाला, देवघराचा उंबरा काढायचा नाही म्हणून आईच अडून बसल्या, ज्यांच्यासाठी काढायचा त्याच! शेवटी त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी उतार केला, हवा तेव्हा उचलता येतो. ही आयडिया ज्युनिअरची, त्याचे एक्स्ट्रा मार्क. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर ३८ असताना माजघरात २९ दाखवत होतं, पंखासुद्धा एकवर. पण डिसेंबरात तेच माजघर फ्रीज असतं, शाल पांघरून मीटिंगा करते मी. ते फोटोत दिसत नाही.

आता नवा भाग. मॅडमचं तत्त्व होतं, ओलं ते सगळं नव्यात, कोरडं ते जुन्यात. म्हणजे स्वयंपाकघर, दोन संडास-बाथरूम, धुणं-भांडी सगळं मागं परसात नव्या बांधकामात, म्हणजे जुन्या भिंतीत एकही पाण्याचा पाईप नको. आणि वर एक खोली. साधारण ६०० स्क्वेअर फूट. तत्त्व एकदम पटलं. डिझाईनही छान, जुन्याची नक्कल केली नाही, खोट्या कमानी नाहीत, दगडाचे स्टिकर नाहीत, साधं प्लास्टर, कौलारू छप्पर, मोठ्या खिडक्या. स्वयंपाकघरात सकाळी ऊन येतं आणि आई तिथंच पाट मांडून भाजी निवडत बसतात.

जाण्यायेण्याला जुनी खिडकी होती तीच खाली वाढवून दार केलं, नवीन भगदाड पाडलं नाही. वरचा भार लोखंडी टेकूंवर घेऊन चार दिवस दगड काढत होते, त्या चार दिवसांत मी देवाचं जेवढं नाव घेतलं तेवढं दोन्ही बाळंतपणात मिळून घेतलं नव्हतं. चरासुद्धा गेला नाही कुठं.

पण बांधणारा तो "वेगळा" कॉन्ट्रॅक्टर. मिस्त्रींची माणसं दगड हातात घेऊन तीनदा फिरवून बघायची, ही माणसं स्लॅब टाकून पळायच्या गडबडीत. बाथरूमचा उतार उलटा झाला, फोडून परत केला. खिडक्यांची मापं चुकली, एक महिना प्लास्टिक लावून बसलो. आणि २०२४ च्या पावसात काम चालू असताना त्यांनी सिमेंटची पोती माझ्या जुन्या माडीवर नेऊन रचली, न विचारता. मिस्त्रींनी बघितली आणि जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. साईटवर कुणाचं ऐकायचं हे दोन्ही टीमना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मॅडम पंधरा दिवसांनी एकदा येणार. माझी खरी तक्रार इथंच आहे. दगडावर त्यांचं जेवढं लक्ष होतं त्याच्या चौथाई नव्या भागावर नव्हतं. कंटाळल्यासारख्या वाटायच्या.

आता फट. जुनी दगडी भिंत आणि नवी आरसीसी चिकटवायची नाही, मधे दोन इंच जागा सोडायची, कारण दोन्ही वेगवेगळ्या बसतात आणि भूकंपात वेगवेगळ्या हलतात, एकमेकींना धडका द्यायला नकोत. बरोबर आहे. त्या फटीवर वरून पत्रा, त्याची वरची कड जुन्या भिंतीच्या दरजेत खाच करून आत खुपसायची, वरून चुन्यानं बंद, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी पत्र्यावरून पुढं जाईल. ड्रॉइंगमध्ये अगदी मोठं करून काढलेलं आहे हे, मी नंतर बघितलं. प्रत्यक्षात कॉन्ट्रॅक्टरच्या फॅब्रिकेटरनं पत्रा भिंतीला नुसता टेकवून सिलिकॉनची रेघ ओढली आणि वरून दगडासारखा काळा रंग मारला. खालून बघितलं तर काही कळत नाही. ज्युनिअरनं खालूनच बघितलं.

आम्ही पाडव्याला, मार्च २०२५ मध्ये राहायला गेलो. पुरणपोळी, गुढी, सगळं गाव घर बघून गेलं. आणि त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला, आठवत असेल तुम्हाला, लोकांचे आंबे उतरायचे होते अजून. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर बोळात पायाखाली ओलं. लाईट लावला तर "ग १४" वरून पाण्याची धार, अगदी सरळ, नळ सोडल्यासारखी. दोन वर्षं वाळवलेली भिंत! मी तिथंच खाली बसले. आई उठून आल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत, माडीवरून पितळी घंगाळ आणायला लावलं आणि धारेखाली ठेवलं. रात्रभर टण् टण्.

सकाळी मॅडमना व्हिडिओ पाठवला. इथं त्यांचं कौतुक करायला हवं. दुपारी दोनला त्या पुण्याहून पावसात आल्या, स्वतः शिडीवर चढल्या, बोटानं सिलिकॉन ओढलं तर अख्खी पट्टी हातात आली. खाली उतरून म्हणाल्या, "ही माझी चूक आहे, मी वर चढून बघायला हवं होतं." कॉन्ट्रॅक्टरवर ढकललं नाही. तात्पुरती ताडपत्री टाकली, आणि पक्कं काम पाऊस संपल्यावरच, कारण खाच चुन्यानं बंद करायची आणि पावसात चुना... हो, माहितीये, पाठ झालंय आता. तर परत थांबा. अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली. तिचा फडफडाट ऐकत झोपायची सवय झाली मुलांना. कॉन्ट्रॅक्टरनं आधी फोन उचलले नाहीत, मग म्हणाला पाऊसच जास्त झाला त्याला मी काय करू. त्याचे शेवटचे ऐंशी हजार आम्ही धरून ठेवले होते म्हणून निभावलं. ही एक गोष्ट करा, नव्या बांधकामाचे दहा टक्के एक पावसाळा होईपर्यंत देऊ नका, आधीच कागदावर घ्या.

पैसे, कारण सगळे तेच विचारतात. ठरलं होतं २८ लाख आणि ११ महिने. झाले ४३ लाख आणि दोन वर्षं. त्यात जुन्या भागाला साधारण २३, नव्याला १६, बाकी फी. जुन्या भागात मजुरीच जास्त, सामान स्वस्त, दगड तर आपलाच. चुन्याचं काम सिमेंटपेक्षा महाग पडतं, पण माझ्या सासऱ्यांनी केलेलं स्वस्त काम उतरवायलाच आम्हाला सव्वा लाख लागले हेही धरा. कर्जाचं म्हणाल तर एका बँकेनं घराचं वय विचारलं आणि फाईल मिटली, दुसरीनं फक्त नव्या भागावर दिलं. कागद आधी जमवा, घर सामाईक असेल तर भावकीच्या सह्या सगळ्यात आधी, आम्हाला एका सहीसाठी दोनदा मुंबईला जावं लागलं. आणि जवळपास केंद्रानं संरक्षित केलेलं स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंदच आहे, त्यापुढच्या २०० मीटरलाही परवानगी लागते, तेव्हा मागं खोल्या वाढवायची स्वप्नं बघण्याआधी टेप घेऊन मोजा.

परत यांनाच काम देईन का? दगडाचं काम असेल तर डोळे मिटून. नवीन बांधकामाला मात्र मिस्त्रींनाच म्हणेन की तुमच्या ओळखीचा माणूस आणा आणि तुम्हीच उभे राहा, मॅडमना आठवड्याला एक फेरी लिहून घेईन, आणि छपराचं काम झालं की मी स्वतः शिडी लावून वर चढेन. गुडघे दुखले तरी.

दिवाळी झाल्यावर मिस्त्री आले, पत्रा काढला, दरजेत दोन इंच आत खाच घेतली, नवीन पत्रा खुपसला, चुन्यानं बंद केलं. दीड दिवसाचं काम. गूळ आईंनीच दिला. पाईप लावून अर्धा तास पाणी मारून बघितलं, एक थेंब आत नाही. मिस्त्री म्हणाले, "काकू, उचला आता घंगाळ."

आई म्हणाल्या, जून बघितल्याशिवाय नाही. अजून तिथंच आहे ते, धाकटी त्यात चेंडू ठेवते.